आईच्या माळ्यावरची भांडी आणि माझी बाल्कनी – कुठल्या भांड्यात काय लावू?

वाईची_लेक | ९ जून
नमस्कार मंडळी. मे महिन्यात वाईचं घर रिकामं केलं, आई आता कायमची माझ्याकडे पुण्यात आलीये. माळ्यावरून भांडी उतरवताना भंगारवाला काटा घेऊन दारात आणि आई आंघोळीच्या घंगाळावर हात ठेवून उभी. काही बोलली नाही, मीच म्हटलं हे राहू दे. मग हे राहू दे, ते राहू दे करत टेम्पोत बरंच आलं. तांब्याचं घंगाळ, पाणी तापवायचा तांब्याचाच बंब, लग्नाकार्यातली मोठी लोखंडी कढई, दळणाचे दोन पत्र्याचे डबे (मूळचे १५ किलो तेलाचे), बाबांची पत्र्याची ट्रंक आणि तोंडापासून पोटापर्यंत तडा गेलेला एक रांजण. माझा फ्लॅट दोन खोल्यांचा, हे सगळं आत ठेवायला जागा नाही, आणि नुसतं शोभेला ठेवून धूळ पुसत बसायचं हेही मनाला पटत नाही. आईला झाडांचं वेड, वाईला तिचा मोगरा अख्ख्या आळीत प्रसिद्ध होता. म्हणून वाटलं यातच झाडं लावू.

बाल्कनी पूर्वेची, तिसरा मजला, ११ फूट बाय ४ फूट, सकाळी साडेसहा ते साडेअकरा चांगलं ऊन, नंतर सावली. मृग लागलाय तेव्हा आत्ताच लावावं म्हणते. घंगाळाला खाली भोकं पाडून आणायची का? आणि कशात काय लावू?

परसदार | ९ जून
अगं फार छान केलंस, भांडी राहिली हे वाचूनच बरं वाटलं.
पण एक सांगू का, भांडं बघून झाड ठरवू नकोस. आधी आपल्याकडे ऊन किती आणि आपल्याला हवं काय ते ठरव, मग त्या झाडाची मुळं किती खोल जातात ते बघ आणि त्या खोलीचं भांडं दे. मी सुरवातीला उलटं करायचे, भांडं सुंदर दिसलं की त्यात जे हाताला लागेल ते खुपसायचे आणि दोन महिन्यांत मरायचं.
कढई म्हणजे उथळ, पाच-सहा इंच. त्यात मेथी, शेपू, कोथिंबीर, नाहीतर ऑफिस टाइमची फुलझाडं. मेथी चौथ्या दिवशी वर येते, २५-३० दिवसांत भाजीला होते. धणे मात्र पोळपाटावर लाटण्याने हलके रगडून दोन फाका कर, रात्रभर भिजव, तरी उगवायला आठ-दहा दिवस घेतात, तोवर उकरून बघू नकोस. डब्यात एकेक मिरची किंवा टोमॅटो, त्याला फूटभर माती लागतेच. रांजणात कढीलिंब.

द्राक्षवाला_निफाड | ९ जून
ताई घंगाळाला भोक पाडू नका आणि त्यात थेट माती तर अजिबातच भरू नका, कळकळीने सांगतोय. आम्ही बागेत बुरशी मारायला बोर्डो मिश्रण फवारतो ते कशाचं असतं, मोरचूद आणि चुन्याचं, आणि मोरचूद म्हणजे तांब्याचाच क्षार. फवारा पानावर असतो, चुन्याने त्याचा कडकपणा कमी केलेला असतो, म्हणून झाड सोसतं. पण तांब्याच्या भांड्यात ओली माती आणि खत कायम टेकून राहिलं की तांबं थोडं थोडं मातीत उतरणार आणि मुळांची टोकंच मारणार. पाणी खत सगळं देऊनही झाड का खुरटलं ते कळत नाही. पितळ पण त्यातच आलं, त्यात निम्म्याहून जास्त तांबंच. कल्हई केली तरी एक ओरखडा पुरतो.
उपाय सोपा आहे. झाड प्लास्टिकच्या कुंडीत लावा आणि ती कुंडी घंगाळात ठेवा. खाली विटेचे दोन तुकडे, त्यावर कुंडी, म्हणजे साचलेल्या पाण्यात बुड राहणार नाही. घंगाळ पण शाबूत.
लोखंडाचं काही भय नाही, गंजाने झाडाचं बिघडत नाही.

वाईची_लेक | १० जून
दादा खूप खूप धन्यवाद, मी आजच माणूस बोलावणार होते भोकं पाडायला! आईला वाचून दाखवलं तर ती म्हणाली घंगाळाला भोक पाडायचं माझ्या मनात नव्हतंच पण तू एवढी उत्साहात होतीस. मी विचारलंच नव्हतं तिला.
घंगाळात १४ इंची कुंडी नीट बसते, मापून पाहिलं. त्यात मोगरा. कढई, डबे, ट्रंक, रांजण यांना तरी भोकं लागतीलच ना, ती कशी पाडायची?

फिटर_पिंपरी | १० जून
३१ वर्षं वर्कशॉपात काढली आहेत म्हणून जरा सविस्तर लिहितो. आधी कढई पोलादी पत्र्याची आहे का बिडाची (ओतीव लोखंडाची) ते बघा. बीड जाड असतं, अंग खरबरीत असतं, आणि खिळा-हातोडीने ठोकलं तर तडकतं. म्हणून कुठलीही असो, ड्रिलनेच पाडा. धातूचं बिट, कमी स्पीड, मध्ये मध्ये तेलाचा थेंब. बोटाएवढी चार-पाच भोकं, फक्त मध्यभागी नाही, कढईचं बूड गोल आहे तर सगळ्यात खोल जागी नक्की.
डब्याला खिळा चालतो पण आतून बाहेर ठोका, म्हणजे वळलेली धार बाहेर राहते आणि पाणी अडत नाही. वरची कड कापलेली असेल तर पक्कडीने आत दुमडून घ्या, हात फार वाईट कापतो.
ट्रंकेला आतून रेड ऑक्साइडचे (गंज रोखणारा रंग) दोन हात द्या, पूर्ण वाळू द्या, मग माती. विटांवर ठेवा, खालून हवा लागली तर चार वर्षं जास्त टिकेल.
रांजण. तो आदल्या रात्री पाण्याने पूर्ण भिजवून ठेवा. टाइल्सचं बिट वापरा, हॅमर मोड बंद, आधी लहान भोक मग मोठं, पाणी सोडत राहा. घाई केली तर तडा बुडापर्यंत जाईल. पोटाभोवती बाहेरून जाड तारेचे दोन वेढे पिळून घ्या.

गच्ची_दादर | १० जून
सगळं बरोबर पण वजनाचं कोणी बोललं नाही. भिजलेली साधी माती लिटरला दीड किलोच्या आसपास भरते. रांजण ६० लिटरचा धरला तर मातीच ९० किलो, वर रांजणाचं स्वतःचं आणि झाडाचं. बाल्कनी बाहेर झुकलेली असते तेव्हा जड भांडी भिंतीच्या कडेला, कठड्याच्या कडेला नाही, आणि कठड्यावर तर काहीच नाही.
रांजणाच्या तळात बूच लावलेल्या रिकाम्या पाण्याच्या बाटल्या भरा अर्ध्यापर्यंत, त्यावर जाळी, मग माती. आणि मातीत पाचोळा जितका घालाल तितकं हलकं. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांनी प्रयोग परिवार या आपल्या चळवळीतून हेच तर सांगितलं, की शहरात नुसत्या मातीच्या मागे लागू नका, पाला कुजवा, त्यात पिकतं. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या कँटीनच्या गच्चीवर ओल्या कचऱ्यावर आणि पाचोळ्यावर बाग उभी राहिली ती याच वाटेने.

परसदार | ११ जून
आणि तळाला विटांचे तुकडे विसरू नकोस, निचऱ्याला.

बागडा | ११ जून
परसदारताई, माफ करा पण याबाबत माझं मत वेगळं आहे, आणि मी दोन्ही करून बघितलंय. तळात खडे घातले की पाणी पटकन खाली जाईल असं वाटतं पण तसं होत नाही. बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहजी उतरत नाही, माती गच्च ओली झाल्यावरच उतरतं. म्हणजे चिखलाचा थर राहतोच, फक्त तो खड्यांच्या उंचीइतका वर सरकतो, मुळांच्या जवळ. खोल कुंडीत चालून जातं. पण पाच इंची कढईत दीड इंच विटा घातल्या तर उरलं काय? भोकावर एक खापरी पालथी ठेवायची, माती वाहून जाऊ नये एवढ्यासाठी, बास. निचरा मातीतून येतो. लाल माती दोन भाग, मुरलेलं शेणखत एक, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) एक, मूठभर निंबोळी पेंड. पावसाळ्यासाठी कोकोपीट अर्धं करून तेवढी जाड वाळू घाला. काळी माती कुंडीत नको, भिजली की चिकट आणि वाळली की भेगा.

परसदार | ११ जून
माझी आई विटाच घालायची पण तिच्या कुंड्या दीड-दीड फुटी होत्या हेही खरं. यंदा एका कढईत तुमच्या पद्धतीने करून बघते.

आगरातली | १४ जून
आमच्या रत्नागिरीला पावसाची तऱ्हाच वेगळी, ३००० मिमीच्या वर पडतो, त्यामुळे आमची चिंता पाणी घालण्याची नसून काढण्याची. आषाढात सगळ्या कुंड्या पागोळ्यांच्या आत पडवीत घेते. ज्या उचलत नाहीत त्या एका बाजूने वीट लावून तिरक्या करते.
रोपं करायला नारळाच्या करवंट्या वापर. तिन्ही डोळ्यांपैकी मऊ डोळा टोचला की भोक तयार. आणि सोडणं (नारळावरची जाड सालं) फेकू नका! सोडणाचे तुकडे आठवडाभर पाण्यात टाकायचे, ते पाणी लालसर होतं, दोनदा बदलायचं, मग मातीवर पसरायचे. धो धो पावसात माती उडत नाही आणि वैशाखात ओल धरते.

वाईची_लेक | २१ जुलै
सगळं लावून सव्वा महिना झाला, एक चूक झाली ती लिहिते.
कढईतली मेथी दोनदा काढली, आईने पहिल्या मेथीचं पिठलं केलं. डब्यांपैकी एकात मिरची, दुसरा रिकामा आहे. कढीलिंब रांजणात खूष. पण मोगरा पिवळा पडत चालला होता. मी समजले खत कमी पडतंय, म्हणून अजून शेणखत घातलं. चार दिवसांनी कुंडी उचलली तर घंगाळात वीतभर पाणी, वास मारणारं, आणि त्यात डासांच्या अळ्या वळवळतायत. तिरका पाऊस आत येत होता आणि घंगाळाला भोक नाही, पाणी जाणार कुठे. विटा पार बुडाल्या होत्या. कुंडीच्या भोकातून आलेली मुळं काळी, बोटाने ओढली की साल निघून हातात येत होती. फार वाईट वाटलं, आईच्या घंगाळात आईचाच मोगरा.
कुंडीतून काढून काळी मुळं कापली, नव्या वाळूमिश्रित मातीत लावला, शेंडे छाटले आणि सावलीत ठेवलाय. वाचेल का?

द्राक्षवाला_निफाड | २१ जुलै
वाचेल ताई. पांढरी मुळं किती होती? निम्मी असली तरी येतो. नवी फूट दिसेपर्यंत खत काही नको, पाणी बोटभर माती कोरडी झाल्यावरच. पावसाळाभर घंगाळ घरात घ्या आणि मोगरा नुसत्या कुंडीत ठेवा. हे मी आधीच लिहायला हवं होतं, राहून गेलं.

गच्ची_दादर | २२ जुलै
अळ्यांचं मनावर घ्या. डेंग्यूचा डास असल्याच साठलेल्या पाण्यात, बशीत, टायरमध्ये वाढतो आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक वार ठरवून घ्या, त्या दिवशी प्रत्येक बशी पालथी. आमच्याकडे रविवार.
बाकी रिकाम्या डब्यात झेंडू लावा. दसऱ्यापासून मागे ६५-७० दिवस मोजा, तेव्हा बी पेरायचं. महिन्याचं रोप झालं की शेंडा खुडायचा, जीव वर येतो पण खुडायचाच, म्हणजे बाजूने फांद्या फुटतात.

वऱ्हाडी_माळीण | २ ऑगस्ट
मी नागपूरची. आमच्याकडे बिघडलेल्या वॉशिंग मशीनचा स्टीलचा ड्रम आहे, त्यात लिंबू लावलंय पाच वर्षं झाली. आधीच सगळीकडून भोकं, गंज नाही, मुळांना बाजूने हवा लागते. आणि जुन्या कूलरच्या टाकीत अळू, त्याला चिखलच आवडते. तुमच्याकडे जे पाणी साठणारं भांडं असेल त्यात अळू लावून पहा, फक्त तांब्याचं नको.
उन्हाळ्याचं आत्ताच सांगून ठेवते कारण मे मध्ये कोणी धागे वाचत नाही. ४५ च्या वर पारा जातो तेव्हा पत्र्याचा डबा बाहेरून हात लावू देत नाही, मुळं आत उकडतात. आम्ही डब्याभोवती बारदान गुंडाळून ते ओलं ठेवतो. नाहीतर मोठ्या कुंडीत लहान कुंडी आणि मधल्या फटीत ओली वाळू. पाणी सकाळी सातच्या आत. दुपारी झाड मलूल दिसलं तरी लगेच पाणी ओतायचं नाही, संध्याकाळी आपसूक उभं राहते की नाही ते बघायचं.

शेवंतीवेडी | २८ सप्टेंबर
मधेच घुसते, हस्ताचा पाऊस सुरू आहे म्हणून आठवलं. कोणाची शेवंती नुसती पानं पानं करत असेल आणि कळी धरत नसेल तर रात्रीचा दिवा बघा. शेवंती रात्र मोठी होत गेली की कळी धरते. माझ्या पाच कुंड्यांपैकी बाल्कनीच्या ट्यूबखालच्या दोन तशाच हिरव्या राहिल्या, बाकी तीन लदलद फुलल्या. एकाच रोपाच्या काड्या, एकच खत. पुढच्या वर्षी त्या दोन्ही अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवल्या आणि दिवाळीत फुलल्या.
गुलाबाची छाटणी पाऊस संपला की, ऑक्टोबरच्या मध्यावर. बाहेरच्या बाजूच्या डोळ्याच्या वर तिरका काप. सव्वा-दीड महिन्यात फुलं.

न्यूजर्सीकर | ११ ऑक्टोबर
इकडचं थोडं लिहिते, इथले मराठी लोकही वाचतात म्हणून. रात्रीचं तापमान १० च्या खाली जायला लागलं की तुळस आणि कढीलिंब घरात, दक्षिणेच्या खिडकीत. कढीलिंब डिसेंबरात सगळी पानं टाकतो, मेला समजून फेकू नका. खोड नखाने किंचित खरवडा, आत हिरवं असेल तर जिवंत आहे, पाणी अगदी कमी करा, मार्चमध्ये फुटतो.
मातीच्या कुंड्या मात्र बाहेर ठेवल्या तर गेल्याच. ओल्या मातीतलं पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं आणि कुंडी उकलते. आईने दिलेलं लहान तुळशीवृंदावन माझं असंच फुटलं पहिल्या हिवाळ्यात. तुकडे ठेवलेत, भोकांवर खापरी म्हणून तेच वापरते.

वाईची_लेक | पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी
मोगरा वाचला! आणि अजून एक सांगायचंय.
पावसाळाभर घंगाळ आत होतं. नरकचतुर्दशीच्या आदल्या दिवशी आईने ते मागितलं. चिंच आणि मीठ घेऊन बसली, तास-दीड तास घासत होती, मी करते म्हटलं तर नाही म्हणाली. पहाटे त्यात गरम पाणी काढून माझ्या मुलाला अभ्यंगस्नान घातलं. वाईला बाबांना, मला, दादाला त्याच घंगाळात पाणी काढून द्यायची. भोकं पाडली असती तर हे झालंच नसतं. निफाडच्या दादांना आईने खास नमस्कार सांगितलाय.
झेंडूची १९ फुलं निघाली दसऱ्याला, दाराच्या तोरणाला कमी पडली, थोडी विकत आणली. आता मोगरा पुन्हा घंगाळात, पाऊस नाही तोवर.

द्राक्षवाला_निफाड | त्याच दिवशी
आईंना माझा पण नमस्कार. हे वाचून घरात सगळ्यांना वाचून दाखवलं.

बागडा | ६ जानेवारी
मोगऱ्याचं काम आता. पाणी कमी करत करत आठ-दहा दिवस पूर्ण तोडा, ताण बसू दे, पानं थोडी गळतील. मग एक तृतीयांश छाटा, उरलेली जुनी पानं काढा, वरची दोन इंच माती उकरून दोन दिवस ऊन द्या, शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड मिसळा आणि मगच भरपूर पाणी. ताण दिल्याशिवाय मोगरा नुसता वेल करत बसतो. आणि सवड असेल तर या महिन्यात एम्प्रेस गार्डनचं फुलांचं प्रदर्शन आईंना दाखवून आणा.

वाईची_लेक | ७ जानेवारी
आईनेही नेमकं हेच सांगितलं, फक्त ती दहा दिवस म्हणत नाही, माती कुंडीची कड सोडेपर्यंत म्हणते. मिरचीवर पांढरं कापसासारखं काहीतरी आलंय.

परसदार | ७ जानेवारी
पिठ्या ढेकूण. आधी ओल्या फडक्याने पुसून काढ, मग लिटरभर कोमट पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि भांड्याच्या लिक्विडचे चार थेंब, पानाच्या खालून फवार, ऊन उतरल्यावर. पाच-सहा दिवसांनी पुन्हा, असं तीनदा. मुंग्या येतायत का बघ, त्याच त्याला इकडून तिकडे नेतात. आणि हो, तुझं बरोबर होतं बागडा, विटा न घातलेल्या कढईतली मेथी माझी जास्त दाट आली.

वाईची_लेक | १७ मार्च
आज सकाळी मोगऱ्याला पहिल्या कळ्या. आईने चष्मा लावून मोजल्या, २३. संध्याकाळी उमललेली दोन फुलं तिने देवाला आणि एक बाबांच्या फोटोला ठेवलं.
आता फक्त बंब उरलाय. मधल्या नळीत निखाऱ्यांची राख अजून चिकटलेली आहे. आई म्हणते त्यात काही लावू नकोस, त्याच्या शेजारी लाव. कढीलिंबाचं एक पिल्लू रांजणात खोडाच्या बुडाशी उगवलंय, ते लहान कुंडीत काढून बंबाजवळ ठेवते. मुळांना धक्का न लावता पिल्लू वेगळं कसं करायचं, आत्ता करू का पाऊस लागल्यावर?

आगरातली | १७ मार्च
पावसाची वाट बघ. तोवर पिल्लाच्या आणि मूळ झाडाच्या मधे धारदार सुरीने मातीत एक खोल काप देऊन ठेव, म्हणजे ते स्वतःची मुळं धरेल. मृगात उचल.